त्रिज्या, व्यास आणि परीघ : बोधिवृक्षाच्या पारापासून स्तूपापर्यंत

संस्थेच्या आवारातील बोधिवृक्षाला गोल पार आहे, हे सभासदांना सांगण्याची गरज नाही. वंदना आटोपल्यावर त्या पारावर बसून गप्पा मारण्यात आपल्यापैकी पुष्कळांची वर्षे गेली. मध्यंतरी पाराला अगदी खेटून मोटारसायकली उभ्या राहू लागल्या, म्हणून पाराभोवती लोखंडी कठडा बसवावा असे कार्यकारिणीत ठरले. पार आणि कठडा यांच्यामध्ये साडेतीन फुटांची वाट सोडायची, म्हणजे प्रदक्षिणा कठड्याच्या आतून घालता येईल. काम झाले आणि ठेकेदाराचे बिल आले : ८४ रनिंग फूट, दर फुटास ४०० रुपये, एकूण ३३,६०० रुपये. आम्ही तिघांनी बिल वाचले, गुणाकार तपासला, तो बरोबर होता, आणि सह्या केल्या. आम्हा तिघांपैकी एक जण बँकेतून निवृत्त झालेले आणि एक जण अनेक वर्षे शाळेत शिकवलेले आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

चेक लिहिण्याचेच काय ते बाकी होते. संध्याकाळी अभ्यासिकेत आलेल्या नववीतील एका मुलीची नजर टेबलावरच्या बिलावर गेली. ती म्हणाली, "काका, आपला पार तर चव्वेचाळीस फुटांचा आहे. कठडा चौऱ्याऐंशी फूट कसा होईल?" त्याच आठवड्यात मुलांनी सराव म्हणून पाराला सुतळी गुंडाळून परीघ मोजला होता, तो ४४ फूट ३ इंच भरला होता. आम्ही तिला समजावले की कठडा पारापासून लांब आहे, तेव्हा लांबी वाढणारच. त्यावर ती म्हणाली, "वाढेल, पण बावीस फूट वाढेल. चाळीस नाही." आणि बिलाच्या पाठीमागे तिने चार ओळींत गणित मांडून दाखवले. ते गणित आणि त्याच्या आसपासच्या काही गोष्टी विद्यार्थी मित्रांपुढे व सभासदांपुढे ठेवाव्यात, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दांचा खुलासा. गवंडी गोल पाया कसा आखतो ते आपण पाहिलेच असेल. मध्ये एक खुंटी ठोकतो, तिला दोरी बांधतो, दोरी ताणून धरून फिरतो आणि मागे फक्की टाकत जातो. खुंटी हा केंद्रबिंदू. खुंटीपासून फक्कीपर्यंतची दोरी ही त्रिज्या. फक्कीची पूर्ण रेघ जितकी लांब, तो परीघ. फक्कीच्या एका कडेपासून खुंटीवरून सरळ समोरच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे व्यास. खुंटीवरून न जाता कडेपासून कडेपर्यंत रेघ ओढली तर ती नुसती जीवा होय. व्यास ही सर्वांत मोठी जीवा. दोरी एकच असल्याने सर्व त्रिज्या सारख्या, आणि व्यास त्रिज्येच्या दुप्पट. एवढे शब्द पुरेत.

आता मुख्य गोष्ट. वर्तुळ लहान असो की मोठे, परिघाला व्यासाने भागले की उत्तर नेहमी एकच येते : तीन आणि वर थोडेसे. आम्ही अभ्यासिकेत हे फळ्यावर लिहून देण्याऐवजी मुलांना मोजायला लावतो. कुणी ताट आणतो, कुणी पत्र्याचा डबा, कुणी आईची बांगडी. सुतळी गुंडाळायची, मोजायची, मग आडवा व्यास मोजायचा आणि भागाकार करायचा. कुणाचे ३.१ येते, कुणाचे ३.१७, हात चुकतो, सुतळी ताणली जाते. पण कुणाचेही ४ येत नाही आणि कुणाचेही २ येत नाही. सर्वांत चांगले उत्तर येते ते सायकलच्या चाकाचे. २८ इंची चाकाच्या टायरला खडूची खूण करून सायकल सरळ ढकलायची. खूण पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत सायकल ८८ इंच, म्हणजे ७ फूट ४ इंच पुढे जाते. (त्याच हिशेबाने एका मैलात चाकाचे बरोबर ७२० फेरे होतात. पटत नसेल तर ६३,३६० इंचांना ८८ ने भागून पाहावे.)

या कायम राहणाऱ्या गुणोत्तराला 'पाय' या ग्रीक अक्षराचे नाव आहे. शाळेत त्याची किंमत २२/७ धरतात. त्यावरून दोनच सूत्रे तयार होतात : परीघ म्हणजे व्यास गुणिले पाय, आणि व्यास म्हणजे परीघ भागिले पाय. त्रिज्या हवी असेल तर व्यास निम्मा करावा. तिन्ही मापांपैकी कोणतेही एक हाती आले की उरलेली दोन मिळतात. परीक्षेत मुलांचे गुण जातात ते सूत्र विसरल्यामुळे क्वचितच. प्रश्नात व्यास दिलेला असतो आणि मुलगा तीच संख्या त्रिज्येच्या जागी घालतो. उत्तर दुप्पट येते आणि त्याच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून आम्ही सांगतो की उत्तर आल्यावर व्यासाची तिप्पट करून पाहा. परीघ त्याहून थोडासाच जास्त असला पाहिजे.

हीच पडताळणी आम्हा तीन सही करणाऱ्यांना करता आली असती. ठेकेदाराने माप कसे घेतले ते नंतर कळले. मध्ये झाड असल्यामुळे टेप आरपार जात नव्हता. म्हणून त्याने कठड्याच्या एका बाजूला बाहेरून टेप धरून इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत २१ फूट काढले आणि चार बाजू म्हणून चाराने गुणले. २१ हे माप बरोबर होते. गुणायला मात्र ४ नव्हे, २२/७ हवे होते. २१ गुणिले २२/७ म्हणजे ६६. ठेकेदाराने वर्तुळाचे नव्हे, तर वर्तुळाभोवती काढलेल्या चौकोनाचे बिल दिले होते. कोणत्याही वर्तुळाभोवती असा चौरस काढला तर वर्तुळाच्या दर ११ फुटांमागे चौरसाचे १४ फूट भरतात. म्हणजे अकरा फुटांमागे तीन फूट फुकटचे. त्याचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. आयुष्यभर चौकोनी गच्च्यांचे कठडे केलेला माणूस. पण संस्थेचा पैसा हा सभासदांच्या वर्गणीचा पैसा आहे.

मुलीने मात्र हे २१ फुटांचे माप वापरलेच नव्हते. तिच्याजवळ होती फक्त सुतळी. ४४ फूट ३ इंच, म्हणजे ४४.२५ फूट. त्याला ७ ने गुणून २२ ने भागले की पाराचा व्यास सुमारे १४ फूट १ इंच येतो, आणि त्रिज्या त्याच्या निम्मी, सुमारे ७.०४ फूट. कठडा साडेतीन फूट बाहेर, म्हणून कठड्याची त्रिज्या १०.५४ फूट, व्यास २१.०८ फूट, आणि परीघ ६६ फूट ३ इंच. दर फुटास ४०० रुपये धरता २६,५०० रुपये होतात. बिलातील फरक ७,१०० रुपयांचा.

झाडाचा बुंधा मध्ये असताना तिने झाडाच्या आरपारचे अंतर काढले, याचे आम्हाला कौतुक वाटते. कारण पुस्तकातल्या वर्तुळात केंद्रबिंदू नेहमी छापलेला असतो. जगातली बहुतेक वर्तुळे तशी नसतात. त्यांचा मध्य झाडाने, दगडाने किंवा मातीने भरलेला असतो आणि आपल्याला फक्त कडेने फिरता येते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. सांचीचा महास्तूप भरीव आहे. सम्राट अशोकाच्या काळातील मूळ विटांच्या स्तूपावर पुढे दगडी आवरण चढवून तो मोठा केला गेला. आज त्याचा व्यास सुमारे १२० फूट, म्हणजे ३६.६ मीटर आहे. पण हा व्यास टेप लावून कोणी मोजू शकत नाही. बांधणाऱ्याने आरंभी खुंटी ठोकली असेल, तेव्हा त्याच्या हाती त्रिज्या होती. आज दर्शनाला जाणाऱ्याच्या पायाखाली फक्त परीघ आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूप २००१ साली खुला झाला. त्याचा व्यासही १२० फूटच सांगतात, परंतु तो आतून पोकळ आहे, तेव्हा तेथे आत शिरता येते. मुंबईजवळ गोराई येथे २००९ साली उद्घाटन झालेल्या विपश्यना पॅगोडाच्या घुमटाचा आतील व्यास सुमारे २८० फूट आहे आणि मध्ये एकही खांब नाही. २८० ला २२/७ ने गुणले की परीघ ८८० फूट येतो. असा सोपा छेद जाणारा आकडा परीक्षेतसुद्धा मिळत नाही.

सांचीला सहल गेली तर मुलांनी एक प्रयोग करावा. आधी सपाट जागेवर आपले पाऊल मोजावे. शंभर फूट अंतर आखून ते किती पावलांत संपते ते पाहावे आणि एका पावलाची लांबी काढावी. मग स्तूपाच्या भिंतीपासून सारखे अंतर राखून प्रदक्षिणा घालावी व पावले मोजावीत. समजा, तुमचे पाऊल सव्वादोन फुटांचे आहे, तुम्ही भिंतीपासून सहा फूट अंतरावरून चाललात आणि १८४ पावले झाली. चाललेले अंतर ४१४ फूट झाले. त्यावरून त्रिज्या जवळपास ६६ फूट येते. पण ही त्रिज्या तुमच्या वाटेची आहे, स्तूपाची नव्हे. त्यातून सहा फूट वजा केले की स्तूपाची ६० फूट त्रिज्या उरते. हे वजा करायचे पुष्कळ जण विसरतात.

येथेच एक गंमत सांगितली पाहिजे, कारण तिच्यावर भल्याभल्यांचा विश्वास बसत नाही. आपल्या लहानशा पाराभोवती साडेतीन फूट बाहेर सरकले की फेरी २२ फुटांनी लांबते, हे वर पाहिले. सांचीच्या एवढ्या मोठ्या स्तूपाभोवती एक जण भिंतीला लागून आणि दुसरा त्याच्या साडेतीन फूट बाहेरून चालला, तर दुसऱ्याला किती जास्त चालावे लागेल? स्तूप मोठा, म्हणून फरकही मोठा असेल असे वाटते. पण उत्तर तेच : २२ फूट. पृथ्वीभोवती विषुववृत्तावरून दोरी गुंडाळली आणि ती सगळीकडे साडेतीन फूट वर उचलली, तरी २२ फूटच जास्त दोरी लागेल. कारण साधे आहे. परीघ त्रिज्येच्या ठरावीक पटीत असतो. त्रिज्येत जितकी भर पडेल तिच्या तितक्याच पटीने परिघात भर पडते, मूळ त्रिज्या किती होती याच्याशी त्या भरीचा संबंध नसतो. म्हणूनच त्या मुलीने पेन हाती घेण्यापूर्वीच "बावीस फूट" असे सांगितले होते.

पायची किंमत बरोबर २२/७ आहे असे मुले धरून चालतात, तेही दुरुस्त करायला हवे. ती सोयीची किंमत आहे, खरी नव्हे. खऱ्या किमतीपेक्षा २२/७ किंचित मोठी आहे. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, म्हणजे ३.१४१६, आणि ही किंमत जवळची आहे, नेमकी नाही, हेही त्यानेच नोंदवले. ही संख्या कोणत्याही अपूर्णांकात पूर्ण मावत नाही, हे १७६१ साली लॅम्बर्टने सिद्ध केले. व्यवहारात फरक किती पडतो? अडीच हजारांत एक. आपल्या कठड्यात पाव ते अर्ध्या इंचाच्या मधे कुठेतरी. १२० फुटी स्तूपाच्या परिघात पावणेदोन इंच. कठड्याला २२/७ पुरे. यंत्राचे सुटे भाग घडवणाऱ्याला पुरत नाही.

मध्य शोधण्याचा विषय निघालाच आहे तर नालासोपाऱ्याची आठवण करून द्यावी लागेल. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील विटांच्या स्तूपाचे उत्खनन केले. स्तूपाच्या मध्यभागी त्यांना दगडी करंडक सापडला. त्यात ब्राँझच्या आठ लहान मूर्ती होत्या आणि आणखी करंडक एकात एक ठेवलेले होते. बांधणाऱ्यांनी पवित्र अवशेष मध्यभागी ठेवले होते, म्हणून खणणाऱ्यालाही मध्य गाठावा लागला.

आपल्याला काही स्तूप खणायचा नाही, पण एखाद्या ताटाचा किंवा पिंपाच्या झाकणाचा मध्य काढायची वेळ येते. त्यासाठी सुताराचा गुण्या घ्यावा. गुण्याचा काटकोनी कोपरा वर्तुळाच्या कडेला बरोबर टेकवावा. त्याच्या दोन भुजा कडेला जिथे छेदतील त्या दोन खुणा जोडल्या की तो व्यास होय. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, या प्रमेयाचाच हा उपयोग. गुण्या दुसरीकडे टेकवून आणखी एक व्यास काढावा. दोन व्यास जिथे एकमेकांना छेदतील तो मध्य. गुण्या नसेल तर वहीच्या पुठ्ठ्याचा कोपराही चालतो.

याहून अवघड प्रसंग म्हणजे वर्तुळ पूर्ण नसून त्याचा तुकडाच हाती असणे. फुटलेल्या दगडी छत्राचा तुकडा, मडक्याच्या काठाची खापरी, मोडलेल्या चाकाचा एक भाग. उत्खननात बहुधा अशाच वस्तू निघतात. त्यावरून पूर्ण वस्तू किती मोठी होती हे कसे सांगणार? तुकड्याच्या दोन टोकांना पट्टी लावून जीवा मोजावी. मग जीवेच्या मधोमधून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजावी. समजा, जीवा २४ सेंटिमीटर आणि उंची ४ सेंटिमीटर आली. जीवेचा अर्धा भाग १२. केंद्रापासून जीवेच्या एका टोकापर्यंतचे अंतर ही त्रिज्या, आणि केंद्रापासून जीवेच्या मध्यापर्यंतचे अंतर त्रिज्येपेक्षा ४ ने कमी. हा काटकोन त्रिकोण झाला. पायथागोरसच्या प्रमेयाने त्रिज्येचा वर्ग म्हणजे १२ चा वर्ग अधिक (त्रिज्या उणे ४) चा वर्ग. कंस सोडवला की दोन्हीकडचा त्रिज्येचा वर्ग निघून जातो आणि उरते : ८ गुणिले त्रिज्या बरोबर १४४ अधिक १६, म्हणजे १६०. त्रिज्या २० सेंटिमीटर. मूळ वस्तू ४० सेंटिमीटर व्यासाची होती आणि तिचा परीघ सुमारे १२५.७ सेंटिमीटर. हाताशी फक्त वीतभर तुकडा असताना एवढे सांगता येते. दहावीच्या मुलांनी हे एकदा स्वतः करून पाहावे. बीजगणित आणि भूमिती हे दोन वेगळे विषय आहेत ही समजूत त्यातून आपोआप जाईल.

शेवटी अशोकचक्राविषयी. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, त्यावर सारनाथच्या सिंहशीर्षावरील चक्र आले. ध्वजाच्या विचारासाठी नेमलेल्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. चक्राला २४ आरे आहेत हे आपल्यातले लहान मूलही सांगते. परंतु एका वर्षी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्याच फलकावर २३ आरे निघाले, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात असेल. हाताने अंदाजाने काढत गेले की शेवटचा आरा एकतर मावत नाही किंवा उरलेली फट फार मोठी दिसते.

खरे म्हणजे २४ आरे काढायला कोनमापकाचीही गरज नाही. वर्तुळ काढल्यावर कंपास तेवढाच उघडा ठेवावा आणि त्याच त्रिज्येने परिघावर एकामागून एक खुणा कराव्यात. सहावी खूण संपली की आपण बरोबर आरंभाच्या ठिकाणी येतो. म्हणजे परिघाचे सहा समान भाग झाले, प्रत्येकी ६० अंशांचे. शेजारच्या दोन खुणांवरून कंस काढून मधला भाग दुभागला की बारा भाग होतात. ते पुन्हा दुभागले की चोवीस, प्रत्येकी १५ अंशांचा. चुकण्याला जागाच राहत नाही.

विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर मुलांनी याच रीतीने चार फूट व्यासाचे चक्र आखले. कंपासाच्या जागी खिळा आणि दोन फुटांची सुतळी होती. आखण्याआधी त्यांनी कागदावर हिशेब केला : व्यास ४८ इंच, परीघ सुमारे १५०.८ इंच, भागिले २४, तेव्हा दोन आऱ्यांच्या टोकांमध्ये सहा इंचांहून थोडे जास्त, ६.२८ इंच अंतर पडले पाहिजे. रंग वाळल्यावर एका मुलाने शिडीवर चढून सगळी चोवीस अंतरे मोजली. सगळी सव्वासहा इंचांच्या आसपास निघाली. एक मात्र साडेसहा भरले, कारण तेथे सुतळी खिळ्यावरून घसरली होती. ते दुरुस्त करायचे बाकी आहे. कठड्याच्या बिलाचे म्हणाल, तर गोलाईत लोखंड वळवण्याची मजुरी म्हणून १,५०० रुपये धरून ठेकेदाराला २८,००० रुपये दिले, आणि वाचलेल्या ५,६०० रुपयांतून अभ्यासिकेसाठी कंपासपेट्या, दोन गुणे आणि शंभर फुटी टेप आणला. टेप कपाटात ठेवला आहे. वापरून झाल्यावर तो पुसून, गुंडाळून परत ठेवावा.